गव्हातलं तणनाशक कमी मात्रेत: कुठे जमतं, कुठे अंगाशी येतं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गहू आणि थोडा जव आहे, उगवून तीन-चार आठवडे झालेत, तण दिसायला लागलंय. शेजारचे दोन वर्षं शिफारशीच्या निम्मंच तणनाशक मारतायत आणि त्यांचं रान स्वच्छ आहे. मग आपण पूर्ण मात्रेचा खर्च का करायचा? शिवाय जमिनीत औषध कमी उरलं तर पुढच्या मक्यालाही बरंच. आणि शेवटी तुम्ही म्हणता, "हो की नाही तेवढं सांगा."

तेवढंच सांगितलं तर तुमची फसगत होईल, पण गोल गोल बोलून वेळही काढत नाही. तण रुंद पानांचं, हंगामी आणि लहान असेल, पीक दाट असेल आणि जमिनीत ओल असेल, तर पाव मात्रा कमी करायला मी स्वतः सांगतो. गवतवर्गीय तणांसाठी उभ्या पिकात फवारायच्या औषधात मी कपात सांगत नाही. मुळांवरून पुन्हा फुटणाऱ्या बारमाही तणांवर तर नाहीच नाही. आणि रानात काय उगवलंय ते न बघता सरसकट निम्मं मारायला माझा साफ विरोध आहे.

निम्म्या मात्रेने तण मरतं का, तर बऱ्याचदा मरतं. त्यात शेजारी खोटं बोलत नाहीत. पण वाचलेलं तण कोणतं, किती आणि ते बी धरतं का, यावर पुढच्या चार-पाच हंगामांचा खर्च ठरतो. रस्त्यावरून रान बघितलं की मेलेलं तण दिसतं, वाचलेलं पिकात लपलेलं असतं.

आधी लेबलवरची मात्रा येते कुठून ते बघू. एकच औषध बरीच तणं, वेगवेगळ्या जमिनी, बरी-वाईट हवा आणि घाईगडबडीची फवारणी, या सगळ्यांत चालावं असा तो आकडा असतो. त्यामुळे चांगल्या परिस्थितीत त्यात थोडी जागा शिल्लक असते. मात्रा आणि परिणाम यांचा आलेख काढला तर तो सरळ रेषेत जात नाही. खाली सपाट, मध्ये एकदम चढणारा आणि वर पुन्हा सपाट, असा त्याचा आकार असतो. दोन-तीन पानांचं कोवळं तण असेल तर पूर्ण मात्रेवर तुम्ही वरच्या सपाट भागात बऱ्यापैकी आत असता, थोडं मागे सरकलं तरी फारसं बिघडत नाही. तेच तण फुटव्यावर आलं, पाण्याचा ताण बसला किंवा थंडीने वाढ थांबली की सगळा आलेख उजवीकडे सरकतो, म्हणजे तेवढ्याच परिणामाला जास्त मात्रा लागते. मग तीच निम्मी मात्रा उभ्या चढावर येऊन पडते. एकाच रानात एक वर्ष निम्म्याने काम झालं आणि पुढच्या वर्षी झालं नाही, यामागे बहुतेक वेळा हेच असतं. औषध बनावट निघालं असं लोकांना वाटतं, कधी तसंही असतं, पण आधी तणाची पानं मोजावीत.

आता जरा आकडेमोड. समजा एका चौरस मीटरमध्ये गवताची १०० रोपं आहेत. ९८ टक्के मेली तर २ उरतात, ९० टक्के मेली तर १०. बांधावरून दोन्ही रानं सारखीच स्वच्छ दिसतील, गव्हाच्या उत्पादनातही त्या वर्षी फारसा फरक पडणार नाही. पण वाचलेल्या प्रत्येक रोपाने १०० बिया टाकल्या असं धरलं, तर एका रानात चौरस मीटरला २०० बिया पडतात आणि दुसऱ्यात १,०००. टक्केवारीत आठचा फरक, बियांत पाचपट. म्हणून तणनाशकाचं काम मी मेलेल्या टक्क्यांवर मोजत नाही, उरलेल्या रोपांवर मोजतो. तुमच्या शेजाऱ्यांचं हे दुसरंच वर्ष आहे. बियांच्या साठ्याचा परिणाम दिसायला एवढा काळ बहुधा पुरत नाही.

मात्रा कमी करायच्या गोष्टी करण्याआधी एक काम करा, कारण बऱ्याच रानांत ती नकळत कमी झालेलीच असते. पंप मोजून घ्या. नोझलखाली मोजपात्र धरून मिनिटाला किती पाणी पडतं ते बघा. मग नेहमीच्या चालीने मिनिटभरात किती अंतर कापलं ते मोजा आणि पट्ट्याची रुंदी बघा. उदाहरण घेऊ. नोझलमधून मिनिटाला ९०० मिली पडतं, पट्टा ०.९ मीटर, चाल मिनिटाला ५० मीटर. म्हणजे मिनिटाला ४५ चौरस मीटर भिजतात आणि हेक्टरी २०० लिटर पाणी बसतं. त्या हिशेबाने क्लोडिनाफॉप या गवतावरच्या औषधाची हेक्टरी ६० ग्रॅम सक्रिय घटकाची (म्हणजे औषधातल्या प्रत्यक्ष तण मारणाऱ्या भागाची) शिफारस पाळायची, तर १५ लिटरच्या टाकीत ४.५ ग्रॅम सक्रिय घटक जायला हवा. इथपर्यंत बरोबर. पण फवारणारा माणूस उरकायच्या घाईत मिनिटाला ७५ मीटर चालला, तर त्याच टाकीतून हेक्टरी १३३ लिटरच पाणी पडतं आणि औषध ४० ग्रॅम. कोणी काही न ठरवता मात्रा दोन-तृतीयांश झाली. त्यावर तुम्ही मुद्दाम निम्मं केलंत तर रानात पडणार २० ग्रॅम.

नळी डावी-उजवीकडे झुलवत फवारायची सवय तर याहून वाईट. झोक्याच्या टोकांना दुप्पट आणि मधल्या कोपऱ्यांत जवळजवळ काहीच नाही, असे चट्टे पडतात. तणनाशकासाठी फ्लॅट फॅन नोझल (पंख्यासारखा सपाट फवारा देणारा), एकाच उंचीवर धरलेली नळी आणि शेजारच्या पट्ट्याच्या कडेवर थोडा चढ (कड दोनदा भिजेल असा), एवढं जमलं की निम्मी लढाई तिथेच होते. कडेला फवारा विरळ असतो, म्हणून तो चढ लागतो. फ्लॅट फॅन नोझल झिजलेला असेल तर मधोमध जाड धार आणि कडेला नुसता धुरळा पडतो. कोरड्या फरशीवर साधं पाणी मारून बघा, सुकताना पट्टा कसा सुकतो त्यावरून लगेच कळतं. पंप असा नीट लावलेला नसेल तर मात्रेची चर्चा मी पुढे नेतच नाही.

पंप झाला की तण ओळखा. ढोबळ दोन गट करा, अरुंद पानांचं आणि रुंद पानांचं. गव्हात गवत लहान असताना ओळखायला अवघड जातं, म्हणून जवळून सांगतो. पान खोडाला जिथे मिळतं तिथे बघा. गव्हाला त्या जागी दोन छोटे, खोडाला मिठी मारणारे कानासारखे भाग असतात आणि त्यांवर बारीक लव असते. जंगली ओटला हे कान नसतात. गुल्ली-दंड्याला, म्हणजे फॅलॅरिस मायनरलाही नसतात, आणि त्याचं रोप उपटून बुडखा बघितला तर लालसर-गुलाबी दिसतो. जव आणि गहू तुम्ही शेजारी शेजारी घेताय, तर जवाचे कान गव्हापेक्षा मोठे आणि गुळगुळीत असतात हेही लक्षात ठेवा, नाहीतर गव्हात पडलेल्या जवालाच तण समजाल.

रुंद पानांत चाकवत, रानमेथी यांसारखी बियांवरून उगवणारी हंगामी तणं दोन-चार पानांवर असतात तेव्हा मऊ असतात. कपातीला खरी जागा इथेच आहे. हरणखुरीसारखी वेल मात्र वेगळी. तिची मुळं खोल जातात आणि त्यांत साठा असतो. कमी मात्रेने वरचा पाला करपतो, शेतकरी समाधानाने घरी जातो आणि तीन आठवड्यांनी ती गव्हावर चढलेली असते. तिथे पूर्ण मात्रा आणि तीही वेल चांगली वाढलेली असताना, म्हणजे औषध पानांतून मुळापर्यंत उतरेल.

गवताबद्दल मी एवढा हट्ट का धरतो, ते सांगण्यासारखं आहे. हरियाणात भात-गहू या फेरपालटात गुल्ली-दंड्यावर वर्षानुवर्षं एकच औषध चाललं, आयसोप्रोट्युरॉन. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते चालेनासं झालं आणि हिसारच्या कृषी विद्यापीठातले आर. के. मलिक आणि समुंदर सिंग यांनी हा प्रतिकार नोंदवला. तण एवढं माजलं की काही शेतकऱ्यांनी उभा गहू जनावरांना कापून घातला. कारणं एकात एक गुंतलेली होती. दरवर्षी तेच पीक, तेच औषध, उशिरा फवारणी, कमी मात्रा, आणि काही ठिकाणी फवारण्याऐवजी वाळूत किंवा युरियात मिसळून फेकणं. एकट्या कमी मात्रेवर खापर फोडणं बरोबर नाही, पण ती त्या घोळक्यात होती. तिथलं तण आपल्या शरीरातली औषध लागू पडायची जागा बदलून वाचलं नाही. ते औषध पोटात घेऊन मोडून टाकायला शिकलं, गहू स्वतः जसं मोडतो तसंच. इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या पेल्डनला १९८२ मध्ये गव्हातल्या ब्लॅकग्रास या गवतात क्लोरटोल्युरॉनला असाच प्रतिकार सापडला होता. क्लोरटोल्युरॉन आणि आयसोप्रोट्युरॉन एकाच कुळातली औषधं आहेत आणि दोन्हीकडे तणाने युक्तीही एकच वापरली.

कमी मात्रेचा संबंध इथे येतो. औषध मोडून टाकायची ताकद बहुधा एका जनुकावर नसते, अनेक लहान लहान जनुकांची ती बेरीज असते. पूर्ण मात्रेत थोडी ताकद असलेलं रोपही मरतं, कमी मात्रेत ते वाचतं. अशा वाचलेल्या रोपांचा आपसात संकर झाला की पुढच्या पिढीत दोघांची ताकद एकत्र येते. पॉल नेव्ह आणि स्टीफन पॉवल्स यांनी ऑस्ट्रेलियातल्या रायग्रास या गवतावर हे करून दाखवलं आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. डायक्लोफॉप या तणनाशकाची कमी मात्रा द्यायची, जगलेल्यांचं बी धरायचं, ते पेरून पुन्हा तेच. मोजक्या पिढ्यांतच त्या गवतात औषधाला दाद न देणारी प्रजा तयार झाली. रायग्रासमध्ये परपरागीभवन होतं, म्हणून मिसळण जोरात. जंगली ओट स्वतःच्याच परागावर फळतो आणि त्याच्यावर असाच प्रयोग केल्यावर बदल झाला खरा, पण माफक. गुल्ली-दंडाही बहुतांशी स्वपरागीच, तरी हरियाणात काय झालं ते वर आलंच. त्यामुळे स्वपरागी म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण लेबल म्हणजे वेदवाक्य असं समजणारेही भेटतात. पूर्ण मात्रा मारली की प्रतिकार येत नाही, असं नाही. जिथे एकाच मोठ्या बदलाने रोप वाचतं, तिथे पूर्ण मात्राही अशीच रोपं नेमकी निवडून काढते. सल्फोनिल युरिया गटात (मेटसल्फ्युरॉन, सल्फोसल्फ्युरॉन ही त्यातली) हे खूप दिसतं. औषधांचा गट आलटून पालटून वापरणं, पीक बदलणं आणि बी पडू न देणं, याला मात्रा हा पर्याय होऊ शकत नाही.

"मग परदेशात कमी मात्रेचे एवढे प्रयोग यशस्वी कसे झाले?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. बहुतेकांच्या डोक्यात डेन्मार्क असतं. तिथे १९८६ मध्ये सरकारने कीडनाशकांचा वापर दहा वर्षांत निम्म्यावर आणायचं ठरवलं, आणि तणनाशकाच्या मात्रा कमी करण्याचं बरंच शास्त्र तिथे उभं राहिलं. पण त्यांनी सगळ्यांना निम्मं मारा असं सांगितलं नाही. कोणतं तण, किती पानांवर, किती दाट, पीक कसं, हवा कशी, हे सगळं संगणकावरच्या सल्ला-प्रणालीत घालून त्या रानाची मात्रा काढायची, अशी ती रीत. म्हणजे आधी रानात फिरून तण मोजायचं आणि मग मात्रा ठरवायची. आपल्याकडे त्यातला फक्त "निम्मं" हा शब्द पोचतो. साखरबीटमधल्या कमी मात्रेचा दाखलाही काही जण देतात. तिथे तण बीजदलावर असताना थोडी थोडी मात्रा पुन्हा पुन्हा मारतात, त्यामुळे हंगामाची बेरीज वाटते तेवढी कमी नसते. गव्हात एकदाच निम्मं मारून मोकळं होण्याशी त्याची तुलना होत नाही.

इथवर आलोय तर औषधांवरही एक नजर टाकू, कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. २,४-डी हे रुंद पानांवरचं, हेक्टरी ५०० ग्रॅम सक्रिय घटकाची नेहमीची शिफारस. कोवळ्या हंगामी तणावर यात पाव कपात सहसा निभते. पण मात्रेपेक्षा इथे वेळ जास्त सांभाळावी लागते. फुटवे यायच्या आत किंवा कांडी धरल्यानंतर मारलं तर ओंब्या वेड्यावाकड्या निघतात, आणि मात्रा कमी केली म्हणून हा धोका जात नाही. मेटसल्फ्युरॉन हेक्टरी अवघं ४ ग्रॅम लागतं. त्यात आणखी कपात करायची म्हणजे साध्या तराजूवर एक-दोन ग्रॅमची चूक तुमच्या कपातीएवढी होते. अचूक मोजायची सोय नसेल तर या खेळात पडू नका. कार्फेन्ट्राझोन स्पर्शाने जाळतं, अंगात फिरत नाही, म्हणून तिथे पान नीट भिजणं हीच खरी मात्रा. पाणी कमी करून तिथे बचत होत नाही.

क्लोडिनाफॉप, पिनोक्साडेन ही गवतावरची. गवत दोन ते चार पानांवर, वाढीत असलेलं, जमिनीला वापसा आलेला, अशा वेळी पूर्ण मात्रा. यांत २,४-डी मिसळायचा मोह टाळा. २,४-डी सोबत आलं की गवतावरचा परिणाम घटतो, म्हणजे टाकीत पूर्ण मात्रा ओतूनही गवताला ती कमीच लागते. दोन्ही लागणार असतील तर आधी गवताचं मारा आणि मध्ये काही दिवस जाऊ देऊन रुंद पानांचं. तुमच्या जवासाठी एक ताकीद: क्लोडिनाफॉप आणि सल्फोसल्फ्युरॉन गव्हाला चालतात, जवाला इजा करतात. पिनोक्साडेन दोन्हीला चालतं. गव्हाची टाकी तशीच पुढे जवात नेऊ नका. "थोडंसंच आहे, निम्म्या मात्रेत जवाला काय होतंय" असं म्हणून तर मुळीच नाही.

पेंडीमिथॅलिनसारखं उगवणीआधी जमिनीवर मारायचं औषध तुमच्या बाबतीत आता उशिराचं झालं, पण पुढच्या वर्षासाठी सांगतो. इथे मात्रा कापली की बहुधा पहिली लाट मरते आणि औषध लवकर संपतं. मग दुसरी लाट उभ्या पिकात येते. भारी, सेंद्रिय अंश जास्त असलेल्या जमिनीत औषध मातीला चिकटून बसतं, तिथे तर पूर्ण मात्राही कधी कधी अपुरी वाटते. वर काडीकचरा पडलेला असेल तर बरंचसं औषध त्यावरच अडकतं.

एक गोष्ट पक्की धरा: औषध कमी केलंत तरी सोबतचं सर्फॅक्टंट, ज्याला सगळे स्टिकर म्हणतात, ते कमी करायचं नाही. सल्फोसल्फ्युरॉन, मेटसल्फ्युरॉन यांना त्याच्याशिवाय पानात शिरताच येत नाही. उलट कपात करायची असेल तेव्हा त्याची गरज वाढते. तसंच पाणी. २,४-डी चं अमाइन मीठ जड पाण्यातल्या कॅल्शियमशी बांधलं जातं आणि पानात कमी शिरतं. विहिरीचं पाणी फारच जड असेल आणि साबणाला फेस येत नसेल, तर कपातीचा विचार सोडा किंवा दुसरं पाणी बघा. ताण बसलेलं, पान वळलेलं तण, रात्री कडक थंडी पडून गारठलेलं तण, अंगावर धूळ बसलेलं तण, ही तिन्ही औषध कमी पितात. पाणी देऊन वापसा येईपर्यंत चार-सहा दिवस थांबायला मी आनंदाने सांगतो, पण त्यापलीकडे नाही, कारण थांबण्यात तण मोठं होतं आणि मिळालेलं सगळं जातं.

थोडक्यात आतापर्यंतचं: पंप मोजलेला, तण रुंद पानांचं आणि दोन-चार पानांवर, ओल, पाणी बरं, स्टिकर पूर्ण. एवढं सगळं जुळलं तर पाव कपात. यातलं एखादं जरी नसेल तर पूर्ण मात्रा. याहून खाली जायचं तर आधी स्वतःच्या रानात पट्टे मारून बघा, त्याबद्दल खाली लिहितो.

या यादीत पीक आलं नाही, ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्याचं वजन लोकांना कमी वाटतं. कमी मात्रेने तण बऱ्याचदा मरत नाही, नुसतं खुंटतं. खुंटलेल्या तणाला पुरं दाबायचं काम पिकाच्या सावलीचं आहे. ओळी जवळ, बी पुरेसं, उगवण एकसारखी आणि खत बियाणाच्या ओळीत पडलेलं असेल तर गहू महिन्याभरात जमीन झाकायला लागतो आणि खुंटलेलं रोप त्याखाली तसंच बसून राहतं. पातळ, तुटक उगवणीच्या रानात त्याच रोपाला ऊन मिळतं, बुडातून नवे फुटवे येतात आणि ते गव्हाच्या वर डोकं काढतं. जव या कामात गव्हापेक्षा तरबेज, लवकर पसरतो. म्हणून तुमच्याकडे कपातीचा प्रयोग करायचाच तर आधी जवात करा. गुल्ली-दंड्याच्या भागात पेरणी लवकर केली तर ते तण कमी उगवतं, कारण त्याला उगवायला थंडी लागते, आणि मशागत न करता पेरलं तरी त्याची उगवण कमी राहते. या दोन गोष्टींनी जे साधतं ते बाटलीतून साधायचं झालं तर बरंच औषध लागेल.

खर्चाचा मुद्दा तुम्ही काढलात तो रास्त आहे. त्यावर माझा आवडता उपाय वेगळा आहे: मात्रा तशीच ठेवा, क्षेत्र कमी करा. गवतवर्गीय तण पहिल्या काही वर्षांत रानभर नसतं. बांधालगत, पाण्याच्या दांडाकडे, मागच्या वर्षी मळणीयंत्र जिथे उभं होतं तिथे, असे त्याचे चट्टे असतात. फवारणीच्या आदल्या दिवशी रानात आडवे-उभे फिरा, चट्ट्यांना काठ्या लावा आणि गवताचं औषध तेवढ्यातच पूर्ण मात्रेने मारा. निम्म्या रानात पूर्ण मात्रा आणि पूर्ण रानात निम्मी मात्रा, औषध तेवढंच लागतं. पण पहिल्यात तण मरतं, दुसऱ्यात ते शिकतं. चट्टे रानाच्या निम्म्याहून जास्त झाले असतील तर मात्र हा उपाय हातचा गेला, सगळीकडे मारा.

मक्याबद्दल. तुमची शंका योग्य आहे. सल्फोसल्फ्युरॉन जमिनीत टिकतं आणि मागून येणाऱ्या मका-ज्वारीला इजा करू शकतं. निम्मं मारलं तर अवशेष कमी राहतील, पण मका वाचेल एवढे कमी राहतील याची हमी नाही. हे औषध किती लवकर मोडतं ते ओल, उष्णता आणि जमिनीचा सामू यांवर ठरतं, आणि सामू जास्त, म्हणजे जमीन विम्ल असेल, तर ते हळू मोडतं. मका ठरलेलाच असेल तर मात्रेशी खेळण्यापेक्षा औषधच बदला. गवतासाठी पिनोक्साडेन किंवा क्लोडिनाफॉप घ्या, त्यांचा मागे राहण्याचा त्रास तसा नाही. आणि आधीच सल्फोसल्फ्युरॉन मारून झालं असेल तर गहू निघाल्यावर त्या रानाची माती एका कुंडीत आणि न फवारलेल्या बांधाची माती दुसऱ्या कुंडीत घेऊन दोन्हींत मक्याचे दहा-दहा दाणे लावा. दोन-तीन आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसतो. रोपं खुजी, पिवळट आणि मुळं तोकडी निघाली तर त्या रानात मका घेऊ नका.

आता पट्ट्यांचं. रानाच्या अशा भागात जा जिथे तण सगळीकडे सारखं आहे. तीन पट्टे आखा: एकात काहीच नाही, एकात पूर्ण मात्रा, एकात तुम्ही ठरवलेली कमी मात्रा. अर्ध्या मीटरची चौकोनी चौकट करा, प्रत्येक पट्ट्यात चार-पाच ठिकाणी टाका आणि आतली रोपं मोजून लिहून ठेवा. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मोजा. पिवळं पडलेलं म्हणजे मेलेलं असं धरू नका. गवताचं मधलं, सर्वांत कोवळं पान, म्हणजे सुरळी, चिमटीत धरून हलकेच ओढा. औषध लागलेल्या रोपाची सुरळी अलगद निघून हातात येते आणि तिचं बूड तपकिरी, सडकं असतं. सुरळी घट्ट असेल आणि ओढल्यावर हिरवीच तुटली, तर ते रोप वर कितीही पिवळं दिसलं तरी जिवंत आहे. सल्फोनिल युरियाच्या बाबतीत जास्त वाट बघा. त्यात रोप कित्येक आठवडे खुजं राहतं आणि मग काही रोपं बुडातून पुन्हा फुटतात.

पूर्ण मात्रेच्या पट्ट्यातही गवत वाचलं असेल, आणि वाचलेल्या रोपाशेजारी त्याच आकाराचं, त्याच जातीचं रोप मेलेलं असेल, तर फवारा चुकला एवढंच कारण धरू नका. तो प्रतिकाराचा इशारा असू शकतो. तिथे तेच औषध पुन्हा किंवा दुप्पट मारू नका. लेबलच्या वर जाऊन उपयोग होत नाही. दुसऱ्या गटाचं औषध घ्या किंवा त्या चट्ट्यात पुढच्या हंगामात पीकच बदला. कमी मात्रा मारून काम झालं नाही तर औषध बनवणाऱ्याकडे तक्रारीला जागा उरत नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

मात्रा कोणतीही मारा, ओंब्या बाहेर पडल्यावर एकदा रानात नक्की जा. गुल्ली-दंडा आणि जंगली ओट तेव्हा गव्हाच्या वर लोंब काढून उभे असतात, शोधावे लागत नाहीत. दाणा भरायच्या आत ते उपटून पोत्यात घालून बाहेर काढा. बांधावर टाकू नका, उपटलेल्या लोंबातलं बीही पिकू शकतं. जिथे उपटण्यापलीकडे गेलंय तो भाग शेवटी कापा आणि कापणीयंत्र पुढच्या रानात जायच्या आत झाडून घ्या. शेजाऱ्यांच्या रानातही तेव्हा त्यांना विचारून एक फेरी मारा. दोन वर्षं निम्म्या मात्रेने त्यांचं खरंच भागलंय की नाही, ते त्या फेरीत दिसेल.